नंबर पुसलेले दगड

अँब्रोज वेल्टेने बायकोचे तीनशे अठ्ठ्याऐंशी दगड थिनरमध्ये बुडवून, जुन्या टूथब्रशने घासून लखलखीत केले, आणि आपण काय करून बसलो हे त्याला आठ दिवसांनी, एका मंगळवारी सकाळी कळलं.

तोवर तो स्वतःवर खूश होता. ओडेलिया फेब्रुवारीत गेल्यापासून त्याने हाती घेतलेलं एकही काम धड पुरं झालं नव्हतं. अर्धी पेरणीसुद्धा शेजारच्या डेल्बर्ट क्रेमरने करून दिली. दगडांचं काम मात्र त्याने एकट्याने सुरू केलं आणि एकट्याने संपवलं. काउंटीच्या संग्रहालयातून पत्र आलं होतं. सप्टेंबर हा पुरातत्त्व महिना, त्यात यंदा ओडेलिया वेल्टे यांनी शेतातून वेचलेल्या दगडी हत्यारांचं प्रदर्शन भरवायचं आहे, विद्यापीठातल्या एक बाई ती पाहायला घरी येतील, असं त्यात होतं. घरी कोणी येणार म्हटल्यावर वस्तू स्वच्छ हवी, एवढं अँब्रोजला कळत होतं. प्रत्येक दगडाच्या पोटावर पिवळट पडलेल्या नेलपॉलिशचा डाग होता आणि त्या डागात काळ्या शाईचा बारीक आकडा. नव्या भांड्यावरची दुकानाची चिठ्ठी काढतात तसे त्याने ते काढले. कार्बोरेटर धुवायचं थिनर शेडमध्ये होतंच.

एक्केचाळीस वर्षं ओडेलिया त्या शेतातून चालली होती. नांगरट झाली, एक चांगला पाऊस पडून गेला आणि माती धुऊन दगड उघडे पडले की ती हात पाठीशी बांधून, मान खाली घालून, नांगराचं एकेक तास धरून निघायची. अँब्रोज ट्रॅक्टरवर. बायकोचं कानातलं हरवलंय, एक्केचाळीस वर्षं झाली अजून सापडत नाही, असं तो लोकांना सांगायचा. तिने कधी कुदळ लावली नाही. नांगराने वर आणलं तेवढंच उचलायचं, खाली आहे ते ज्यांचं त्यांचं, असं तिचं म्हणणं. एकदा एका जागी हाड दिसलं तेव्हा तिने हाताने माती परत लोटली आणि इथे नांगर उचलून घेत जा म्हणून त्याला बजावलं. तेव्हापासून तो तिथे उचलत होता.

विद्यापीठातली बाई म्हणजे टेसा लिंडग्रेन. तिशीची, बुटांना चिखल, हातात लॅपटॉपची पिशवी. अँब्रोजने खणच्या खण काढून टेबलावर मांडले. तिने एक दगड उचलला, उलटा केला, ठेवला. दुसरा उचलला, उलटा केला, ठेवला. सातव्या दगडाला ती खुर्ची ओढून बसली.

“नंबर कुठे आहेत?”

“काढले. थिनरने. अगदी सहज निघाले.”

तिने हातातला दगड जपून खाली ठेवला. मग बोलली ती रागावून नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. नंबर ओडेलियाच्या वहीत सापडतो, तिने सांगितलं, आणि वहीत तो दगड जिथे मिळाला ती जागा. जागा असली की दगड बोलतो. जागा गेली की तो एवढंच सांगतो, की कोणे एके काळी कोणीतरी मला घडवलं.

ओढ्याकाठी वेल्टेंच्या शेतात एक बुटकं टेकाड होतं. दोन वर्षं ओडेलिया विद्यापीठाला त्याबद्दल पत्रं लिहीत होती. हे अँब्रोजला ठाऊक होतं, पण पत्रांत काय असतं ते त्याने कधी विचारलं नव्हतं. टेकाडावर नुसती भाल्याची टोकं नव्हती, टेसा म्हणाली. कातडी खरवडायचे दगड होते, गिरमिटासारखी भोकं पाडायची हत्यारं होती, अक्रोड फोडायला खळगा केलेले दगड होते. शिकारीला आलेला माणूस एवढा संसार पाठीवर घेऊन फिरत नाही. तिथे लोक राहत होते, हिवाळे काढत होते, पोराबाळांसकट. हे ओडेलियाचं म्हणणं. टेसाने लॅपटॉप उघडून राज्याचा नकाशा दाखवला. दगड लुटायला येणाऱ्यांच्या हाती लागू नये म्हणून तो फक्त अभ्यासकांनाच दिसायचा. वेल्टेंचं शेत म्हणजे त्यावर एक करडा ठिपका, आणि ठिपक्याशेजारी तीन शब्द: ‘सुटे, किरकोळ अवशेष’.

“मिसेस वेल्टेंना ही ओळ बदलून हवी होती,” टेसा म्हणाली. “मी खरं म्हणजे त्यासाठीच आले. नोंदवणारी म्हणून त्यांचं नाव लागलं असतं.”

अँब्रोजने ते तीन शब्द दोनदा वाचले.

प्रदर्शन तर होईलच, टेसा समजुतीच्या सुरात म्हणाली. दगड देखणे आहेत, देखणे म्हणून मांडू.

“देखणे म्हणून मांडायचे असते तर तिने तेव्हाच मांडले असते. यादी कधीपर्यंत लागेल तुम्हाला?”

“ऑगस्टअखेर. पाच आठवडे. पण मिस्टर वेल्टे, तीनशे अठ्ठ्याऐंशी आहेत.”

“मोजूनच धुतलेत मी.”

वह्या सात होत्या, सगळ्या शाबूत. जाताना टेसाने एकच अट घातली. ज्याची खात्री असेल तेवढाच दगड नंबरला लावायचा. रिकामी जागा उद्या कोणीतरी भरू शकतं, ती म्हणाली, पण चुकीची भरलेली जागा परत कोणी उघडून बघत नाही.

पहिल्या दोन वह्यांनी त्याला फसवलं, म्हणजे काम सोपं आहे असं वाटायला लावलं. त्या वह्यांत ओडेलियाने प्रत्येक दगड कागदावर ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवली होती. दगड घ्यायचा, आकृतीवर ठेवायचा, बसला तर बसला. यंत्रांचे सुटे भाग जुळवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे जमण्यासारखं होतं. न्याहारी झाली की तो टेबल पुसायचा आणि बसायचा. मका उभा होता, शेतात तसंही फारसं काम नव्हतं. नऊ दिवसांत एकशे सतरा दगड लागले. टेसाने शिकवल्याप्रमाणे तो आधी नेलपॉलिशचा ठिपका लावायचा, वाळला की शाईने नंबर, त्यावर परत नेलपॉलिश. दुकानात नेलपॉलिशची बाटली घेताना काउंटरवरच्या पोरीने रंग कुठला हवा म्हणून विचारलं. बिनरंगी, तो म्हणाला, आणि तिने पुढे काही विचारलं नाही.

तिसऱ्या वहीपासून आकृत्या बंद. दगड वाढले असतील, वेळ कमी पडला असेल. आता नुसती एकेक ओळ होती, आणि ती ओळ ओडेलियाने दुसऱ्या कुणासाठी लिहिलेली नव्हती.

‘१६३. मोठ्या दगडापासून दक्षिणेला चाळीस पावलं. कावीळ झाल्यासारखा. एक कान तुटका.’ हा मिळाला. ‘१७७. टेकाडाच्या माथ्यावर. फादर रूपर्टच्या नाकासारखा.’ हाही मिळाला, फादर रूपर्टला ओळखणाऱ्या कुणालाही मिळाला असता. ‘१९०. ओढा. अँब्रोजने सांगितलेल्या माशाएवढा नव्हे, खऱ्या माशाच्या शेपटीएवढा.’ इथे अँब्रोज खुर्चीत मागे रेलला. तो मासा चांगला हातभर होता. निदान तो तसं सांगत आला होता, आणि ओडेलिया चारचौघांत मान डोलवत आली होती.

दोनशे एकतीसला तो अडला. ‘टेकाड, उत्तर उतार. ऑगस्टमधल्या अँब्रोजच्या मानेच्या रंगाचा.’

ओडेलियाची धाकटी बहीण बर्निटा शुक्रवारी कोंबडी आणि नूडल्सचं पातेलं घेऊन आली. संग्रहालयाचं दारातलं टेबल ती सांभाळायची, त्यामुळे थिनरची गोष्ट तिला त्याच दिवशी कळली होती आणि तिने फोनवर त्याला काय बोलायचं ते बोलूनही घेतलं होतं. तो सहा तांबूस दगड समोर मांडून, न्हाणीघरातला आरसा हातात धरून, स्वतःची मान पाहायचा प्रयत्न करत होता.

“नवी बायको बघायला जायचंय की काय?” बर्निटाने विचारलं.

त्याने वही पुढे केली. तिने वाचली, पातेलं खाली ठेवलं, चष्मा लावला.

“मान पुढे कर. कॉलर काढ खाली. अरे, एवढी काय ताठ धरतोस, फाशी देत नाहीये मी तुला.” तिने एकेक दगड त्याच्या मानेला लावून पाहिला. दोन बाजूला सारले, मग आणखी तीन. “हा. यात शंका नाही. पण तू मान धुतलेली नाहीस ना आज? मळामुळे फसायला नको.”

“सगळं धुऊन झालं की मानही धुतो,” अँब्रोज म्हणाला, आणि फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच त्या स्वयंपाकघरात कोणीतरी हसलं.

आगीत भाजला की दगड असा तांबडा होतो, हे त्याने ओडेलियाच्या कॉम्प्युटरवर वाचलं. तिने कितीतरी पानं खुणा करून ठेवली होती. संग्रहालयांची चित्रं, टोकांचे प्रकार, कुठल्या खाणीतला दगड कसा दिसतो ते. आधी तो एक बोट वापरून शोधायचा, मग दोन. खरवडायचा दगड आणि मोडकं टोक यातला फरक तो तिथेच शिकला. एका गुरुवारी संध्याकाळी पडद्यावर आपोआप एक चौकोन उघडला. व्याख्यान सुरू होत आहे, सामील व्हा. ओडेलिया दर गुरुवारी जेवणानंतर आतल्या खोलीत दार लावून काय करते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. बायका बोलत असतील, असं समजून तो बेसबॉल बघायचा.

त्याने बटण दाबलं. मिशीवाला एक माणूस नदीच्या गाळाबद्दल सांगत होता. बाजूच्या पट्टीत मात्र भराभर ओळी उमटू लागल्या. कॉम्प्युटर तिचा, म्हणून नावही तिचंच दिसत होतं. ‘ओडेलिया, आलात एकदाच्या!’ ‘कुठे होतात इतके महिने?’ ‘तुमच्या टेकाडाचं काय झालं?’

तो बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिला. मग एका बोटाने त्याने लिहिलं, ‘ती फेब्रुवारीत वारली. मी तिचा नवरा. तिच्या दगडांचे नंबर माझ्याकडून पुसले गेले. ते परत लावतो आहे.’ ‘पुसले गेले’ हे त्याला बरोबर वाटलं नाही. त्याने खोडलं आणि ‘मी पुसले’ असं लिहिलं.

मिशीवाला बोलायचा थांबला. अनोळखी चाळीसेक माणसं चौकोनांतून त्याच्याकडे पाहत होती. दुसऱ्या दिवशी ओहायोतल्या एका म्हाताऱ्या बाईंचा ईमेल आला. ओडेलियाने त्यांना वेळोवेळी फोटो पाठवले होते, चोवीस दगडांचे, आणि फोटोंत नंबर दिसत होते. शेवटी बाईंनी लिहिलं होतं, की माझ्या नवऱ्याने माझे दगड सिमेंटमध्ये बसवून अंगणात कारंजं बांधलं, तेव्हा तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

चोवीस लागले. वर्णनावरून रोज पाच-सात, कधी दहा लागत होते, कधी एकही नाही. एखादा लावलेला दगड दुसऱ्या ओळीला जास्त शोभायचा, मग पहिला सोडवून पुन्हा मोकळा करावा लागायचा. थिनरची बाटली आता टेबलावरच असायची. मात्र आता तो एका वेळी एकच थेंब वापरायचा.

सातव्या वहीत, शेवटून आठव्या ओळीवर, तो थांबला.

‘३८१. टेकाड, ओढ्याकडची बाजू. पांढरा, अगदी लहान, टोक शाबूत. आज डॉक्टरांकडून आले. अँब्रोजला सांगितलं नाही. सोयाबीन निघू दे.’

वर तारीख होती ऑक्टोबरची. त्याला कळलं होतं डिसेंबरात, ती जिन्यावर मध्येच बसली तेव्हा. सोयाबीन ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात निघालं होतं. त्यानंतर मग मका होता, मक्यानंतर ड्रायर बिघडला होता. प्रत्येक वेळी तिने काहीतरी निघू दिलं असणार.

तो उठून शेडमध्ये गेला. तिथे करण्यासारखं काही नव्हतं. पान्हे जागेवर होते, तरी त्याने सगळे काढून आकाराप्रमाणे परत लावले. परत आला आणि पांढरे दगड वेगळे काढले. टोक शाबूत असलेले लहान पांढरे तीन होते. वहीतही तशा ओळी तीन. एकशे अठ्ठेचाळीस ओढ्याच्या काठाचा, तीनशे दहा डेल्बर्टच्या कुंपणाजवळचा, आणि हा. तिन्ही ओळींत वेगळं काही नव्हतं. पांढरा, लहान, टोक शाबूत. तिन्ही दगड नखाएवढे. यातला एक ती डॉक्टरांकडून आल्यावर वाकून उचलून घेऊन आली होती, खिशात ठेवला होता, आणि संध्याकाळी त्याच्यासमोर बसून जेवली होती.

चार दिवस तो त्या तिघांपाशी बसला. भिंगाने पाहिलं, वजनकाट्यावर ठेवलं, खिडकीत उन्हाला धरलं.

डेल्बर्ट क्रेमर कापणीचं विचारायला आला आणि टेबलाशी उभा राहिला. डेल्बर्टकडेही दगड होते, शे-सव्वाशे. त्याने ते लाल मखमलीवर गरुडाच्या आकारात डिंकाने चिकटवून टीव्हीच्या वर टांगले होते. कुठला कुठून आला हे त्याला त्या वेळीही माहीत नव्हतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मधला दगड बोटाने पुढे सरकवला.

“हा लाव. तुला आवडेल तो लाव, आपल्याला काय. तपासायला कोण येणार आहे, ओडेलिया?”

बोलून गेल्यावर तो लाल झाला आणि टोपी काढून हातात धरली. “तसं नव्हतं म्हणायचं रे मला. तिलाही हेच हवं असतं, एवढंच म्हणत होतो.”

अँब्रोजने मधला दगड परत रांगेत सरकवला. पण डेल्बर्ट गेल्यावर त्याने मधला दगड उचलला. हाच, त्याला वाटलं. तो हातात घेतला की वाटायचंच. त्याने नेलपॉलिशचा ठिपका लावला, वाळू दिला आणि बारीक अक्षरात ३८१ लिहिलं. यादीत पुढे ‘खात्री’ असं लिहिलं. आणि मग उरलेले दोन समोर आले. हा तीनशे एक्क्याऐंशी असेल तर त्या दोघांतला एक ओढ्याकाठचा आणि एक कुंपणाजवळचा, म्हणजे तेही आता आपणच ठरवायचं. एक खोटं ठेवायला आणखी दोन लागत होती. शिवाय मधला समजा कुंपणाजवळचा निघाला, तर टेकाडावरून तिने उचललेला एक दगड आपण दुसऱ्यांदा पुसला, असं होणार होतं. पहिल्यांदा पुसला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत होतं.

सकाळी त्याने थिनरचा एक थेंब काढला.

ऑगस्टच्या तीस तारखेला टेसा आली. यादी तिने घाईने घेतली नाही. अधूनमधून एखादा दगड उचलून, हा कशावरून, असं विचारत गेली, आणि तो वही उघडून दाखवत गेला. मानेचा दगड आला तेव्हा तिने त्याची मानही पाहिली. तीनशे सत्तेचाळीस दगड लागले होते. एक्केचाळीस राहिले होते, त्यात ते तीन पांढरे. टेकाडावरचे खात्रीचे शहाण्णव, आणि त्यातले निम्म्याहून जास्त खरवडायचे, टोचायचे, कुटायचे. घरातले.

तिने तिथेच बसून अर्ज लिहिला. उत्तर प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आलं. करड्या ठिपक्याशेजारचे तीन शब्द गेले होते. तिथे आता लिहिलं होतं, ‘वस्तीची शक्यता. जमिनीवर पाहणी आवश्यक. नोंदवणारी: ओडेलिया वेल्टे.’

बर्निटा खवळली. एक्केचाळीस वर्षं पायपीट करून शक्यता? माझी बहीण काय हवामानखात्यात होती? टेसाने समजावून सांगितलं, की याहून पुढे जायचं तर माणसांनी येऊन त्या जमिनीवरून चाललं पाहिजे. तेव्हा अँब्रोजने पुढच्या वर्षाची दिनदर्शिका काढली, एप्रिलचं पान उघडलं आणि कुठला आठवडा ते विचारलं. हलकी नांगरट करून ठेवीन, पाऊस त्याच्या मनाने येईल. चालणाऱ्यांची जेवणं इथे. आणि चालताना मीही येईन, तो म्हणाला, मला त्या शेतातून चालायची सवय नाही, ट्रॅक्टरवरून दिसतं तेवढंच माहीत आहे.

खरं भांडण झालं ते पाटीवरून. ते तीन पांढरे सोडून, जागा न कळलेल्या अडतीस दगडांचा एक वेगळा ट्रे करायचा होता. बर्निटाने पाटी लिहिली, ‘क्रमांक उपलब्ध नाहीत.’ अँब्रोजने ती परत दिली आणि दुसरी लिहून आणली, ‘या अडतीस दगडांच्या जागा माहीत नाहीत. ओडेलियाने नंबर घातले होते. तिच्या नवऱ्याने ते थिनरने धुतले.’

“गावभर हसं होईल,” बर्निटा म्हणाली. “आपण सगळे एकाच चर्चला जातो, विसरू नकोस. दर रविवारी ऐकावं लागेल तुला.”

“ऐकेन.”

“काय अडलंय पण? उपलब्ध नाहीत म्हटलं तर खोटं आहे का ते?”

“खोटं नाही. पण ते वाचून लोकांना वाटेल, तिनेच घातले नव्हते.”

बर्निटाने चष्मा लावला. तिने पाटी घेतली आणि आपल्या चांगल्या अक्षरात मोठी लिहून काढली.

शनिवारी संग्रहालय भरलं. तीन खोल्यांचं ते, एरवी कोपऱ्यातला पंखा तेवढा फिरत असायचा. दारातल्या टेबलावर लोकांनी सिगारचे डबे, बुटांची खोकी, कॉफीचे डबे भरभरून आपापले दगड आणले होते आणि टेसा एकेक पाहून सांगत होती. आतल्या खोलीत काचेखाली ओडेलियाचे दगड, प्रत्येकाखाली नंबर, जागा, आणि तिची ओळ जशीच्या तशी. फादर रूपर्टचं नाकसुद्धा. फादर आता नव्वदीचे होते, आणि ते त्या दगडापुढे चांगली दोन मिनिटं उभे राहून मग पुढे सरकले.

डेल्बर्टने ट्रेवरची पाटी मोठ्याने वाचली. मागून कोणीतरी म्हणालं, अँब्रोज, माझा ट्रक धुवायचाय, नंबरप्लेट तेवढी राहू दे. खोली हसली. अँब्रोज मान तांबडी करून उभा राहिला, तर दोघीतिघींनी वाकून दोनशे एकतीस नंबरचा दगड पाहिला, परत त्याची मान पाहिली, आणि हसणं दुप्पट झालं. तो हलला नाही. जो येईल त्याला सांगत राहिला, नंबर धुऊ नका. नंबर नसेल तर आजच घाला. कुठून उचललात ते घरी जायच्या आत लिहा.

दुपारी या भागातल्या मूळ रहिवासी मायामी जमातीच्या एक बाई आल्या, राज्याच्या उत्तरेहून, चार तास गाडी चालवून. जमातीच्या जुन्या जागांचं काम त्या पाहायच्या. साठीच्या, कमरेला चाव्यांचा जुडगा. त्यांनी सगळं प्रदर्शन सावकाश पाहिलं. टेकाडाचा नकाशा वाचला, शहाण्णव दगड पाहिले, आणि मग त्या अँब्रोजसमोर उभ्या राहिल्या.

“तिथे माणसं राहत होती, एवढं कळायला तुम्हाला इतके दगड लागले?”

“तिला लागले नाहीत,” अँब्रोज म्हणाला. “मला लागले.”

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. नांगर किती खोल घालता, त्यांनी विचारलं. आठ इंच, तो म्हणाला. टेकाडावरसुद्धा? टेकाडावरसुद्धा. एक जागा आहे, तिथे नाही, आणि ती कुठली ते मी या खोलीत बोलणार नाही, तुम्ही शेतावर आलात तर दाखवीन. बाई म्हणाल्या, येईन. मग त्या काही म्हणायच्या आत त्यानेच पुढे सांगितलं, की एप्रिलमध्ये चालणं होऊन जाऊ दे, त्यानंतर टेकाडावर नांगर नाही. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की हे आपण ठरवलेलं नव्हतं. पण बोलला ते बोलला, आणि ते परत घ्यावंसं वाटलं नाही.

बाईंनी फोन नंबर लिहून दिला. निघताना त्या शेवटच्या पेटीपाशी थांबल्या. तिथे कापसावर तीन लहान पांढरी टोकं शेजारी शेजारी ठेवली होती आणि खाली ओडेलियाच्या तिन्ही ओळी, पूर्ण. ‘सोयाबीन निघू दे’ हे त्याने वगळलं नव्हतं. त्याखाली लिहिलं होतं, ‘हे तीन दगड म्हणजे हे तीन नंबर. कुठला कोणता, ते माहीत नाही.’

बाईंनी तिसरी ओळ वाचली. चष्मा काढला, पुन्हा घातला.

“तुम्हाला काय वाटतं?” त्यांनी हळूच विचारलं. “कुठला असेल?”

अँब्रोज काचेवर वाकला. बर्निटाही दारातून पाहत होती, तिनेही हे त्याला दोनदा विचारलं होतं.

“माहीत नाही,” तो म्हणाला.

मधला वाटत होता. पण ते त्याने त्यांना सांगितलं नाही, आणि पुढेही कधी कुणाला सांगितलं नाही.